फिलिपिन्सचा राष्ट्रवाद माद्रिदच्या कॅफेत जन्मला म्हणे!

नांगर_टाकलेला: काल इथंच एकाने ठोकून दिलं की फिलिपिनो राष्ट्रवाद म्हणजे युरोपात शिकलेल्या चार श्रीमंत पोरांची करामत, होसे रिझाल या लेखकाने कादंबऱ्या लिहिल्या आणि देश जागा झाला. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. अहो, ती पोरं युरोपात गेली कुणाच्या पैशावर? 1834 ला स्पेनच्या राज्यातलं मनिला बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, 1869 ला सुएझ कालवा झाला, साखरेला आणि अबाका नावाच्या दोराच्या धाग्याला गिऱ्हाईक मिळालं, त्यातून चिनी-मेस्तिझो म्हणजे चिनी-देशी मिश्र रक्ताची आणि मोठी खंडकरी घरं वर आली. जहाजावर ज्याला आम्ही मनिला रस्सी म्हणायचो ती याच अबाकाची, पण मनिलाची नाहीच, मुख्यतः बिकोल प्रांताकडची, केळीसारख्या झाडाच्या सोपटातून काढलेली. रिझालचं घर कालाम्बा गावात डॉमिनिकन पाद्र्यांची जमीन खंडाने करायचं. पीक बुडालं तरी खंड वाढताच, नाही म्हटलं तर कोर्टकचेरी, शेवटी 1890-91 ला सैन्य आणून कुळांना घराबाहेर काढलं. आता राग पुस्तकातून आला का खंडपावतीतून?

पुणेरी_भिंग: खंड जगात कुठे वाढला नाही? म्हणून सगळीकडे राष्ट्र उभं राहिलं का? 1872 ला काविते इथल्या सैनिकांच्या बंडाचं निमित्त करून गोमेझ, बुर्गोस, सामोरा या तिघा पाद्र्यांना गॅरोटने म्हणजे गळा आवळून मारलं, त्यांचं भांडण जमिनीचं नव्हतं, देशी पाद्र्याला पॅरिश, म्हणजे स्वतःचं चर्च सांभाळायला, मिळत नव्हती याचं होतं. आणि साखरेचंच बोलायचं तर नेग्रोस बेटावरचे उसाचे बागाईतदार बघा. नोव्हेंबर 1898 ला चटया गुंडाळून काळ्या रंगवल्या, तोफा म्हणून दाखवून स्पॅनिशांना शरण आणलं, आणि काही महिन्यांत अमेरिकेचा झेंडा लावून मोकळे. हाच का तुमचा साखरेचा राष्ट्रवाद?

शंकासुर: दोघांनाही मध्येच विचारतो, ते सांतोस, रेयेस वगैरे आडनावांचे फिलिपिनो सगळे म्हणजे स्पॅनिश रक्ताचेच ना?

नांगर_टाकलेला: नाही हो! आमचा बोसन, जहाजावरचा खलाशांचा मुकादम, आल्बाय प्रांतातल्या ओआस गावचा. म्हणायचा, गावात जो तो आर अक्षरावरून सुरू होणाऱ्या आडनावाचा. 1849 ला स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने आडनावांची यादी काढली, तिची पानं गावोगाव वाटली, तुमच्या वाट्याला जे अक्षर आलं ते तुमचं. कर आणि वेठ कुणाकडून घ्यायची ते नोंदवायला सोपं! तो हसत सांगायचा, मला हसू येईना.

मांडवीपार: आमच्याकडे गोव्यात यादी नव्हती, बाप्तिस्म्याला पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव चिकटायचं. मी ठाण्यात वीस वर्षं राहतो. बँकेत फॉर्म दिला की आडनाव वाचून "तुम्ही पोर्तुगीज का?" आणि मी बोललो की "अरे वा, मराठी छान बोलता!" अरे, माझी आजी ओव्या म्हणायची जात्यावर!

पुणेरी_भिंग: धागा फिलिपिन्सचा आहे, तुमच्या बँकेचा नाही.

मांडवीपार: तुम्हाला कुणी असं कौतुकाने कधी छळलं नाही म्हणून सुचतंय. आणि आडनाव विषयाबाहेर कसं? रिझालच्या घरात मेर्कादो लावायचे. थोरला भाऊ पासियानो त्या मारलेल्या बुर्गोसच्या जवळचा, म्हणून मेर्कादो नावावर सरकारचा डोळा, म्हणून धाकट्याला शाळेत रिझाल लावलं. हे तुमच्या भिंगात दिसलं नाही वाटतं.

पुणेरी_भिंग: दिसलं होतं, लिहिलं नाही. असो.

कोपऱ्यातला_बाक: खंड काय, कादंबरी काय, दोन्हीकडे शिकलेल्यांचीच घरं. बोनिफासिओ कुठाय? छड्या आणि कागदी पंखे विकून भावंडं पोसली, 1892 ला कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना काढली. 1897 च्या मार्चमध्ये तेहेरोसच्या क्रांतिकारकांच्या बैठकीत त्याला गृहखातं मिळालं तर एकजण उठून म्हणतो, या पदाला वकील पाहिजे! मे महिन्यात आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या. माझ्या बापाला "डिग्री कुठाय" म्हणत तीनदा बढती नाकारली, त्यामुळे हे वाचलं की कानशिलं तापतात.

नांगर_टाकलेला: हे खरंच राहिलं माझ्याकडून. खंडकऱ्यांच्या नादात छड्या-पंखे विकणारा माणूस विसरलो.

पुणेरी_भिंग: बरं, खंडपावती मान्य. अर्धी. पण बोनिफासिओसुद्धा रिझालची पुस्तकं वाचत होता बरं का, आणि रिझालच्याच लीगा फिलिपिना या संघटनेच्या स्थापनेला हजर होता.

नांगर_टाकलेला: अर्धी का होईना, पोच द्या. कालाम्बात तेवढीही मिळत नव्हती.

शंकासुर: बोसनचं आडनाव काय होतं मग?