मदत हवी आहे: कनेक्टिंग रॉड लांब केला की पॉवर खरंच वाढते का?

मंडळी,

एका ५०० सीसी सिंगल सिलिंडर इंजिनचं गणित एक्सेलमध्ये मांडतोय. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ८६ मिमी. कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे, दोन पर्याय धरलेत, १३३ मिमी आणि १५५ मिमी. म्हणजे रॉड-स्ट्रोक गुणोत्तर साधारण १.५५ आणि १.८.

जिथे तिथे वाचायला मिळतं की लांब रॉडमुळे पिस्टन टीडीसीपाशी (टॉप डेड सेंटर, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या टोकापाशी) जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून पॉवर वाढते. माझ्या आकड्यांत हे रेंगाळणं भिंग घेऊन शोधावं लागतंय. टीडीसीनंतर क्रँक २० अंश फिरला की आखूड रॉडचा पिस्टन ३.४१ मिमी खाली आलेला असतो, लांब रॉडचा ३.२९ मिमी. ०.१२ मिमीने असं काय मोठं साधतं?

फरक दिसतो तो दुसरीकडेच. ६५०० आरपीएमला टीडीसीपाशी पिस्टनचं त्वरण २६९० जी (गुरुत्वत्वरणाच्या पटीत) वरून सुमारे २६०० जी वर येतं. रॉडचा सर्वाधिक कल १८.९ अंशांवरून १६.१ अंशांवर उतरतो, त्यामुळे पिस्टन लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) कमी रेटला जाणार. पण हे झालं झिजेचं आणि टिकाऊपणाचं. पॉवरचं काय?

दुसरा गोंधळ बोअर-स्ट्रोकचा. ‘स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकची तरफ लांब, म्हणून टॉर्क जास्त’ असं सर्रास सांगतात. पण सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला तर बोअर घटतो, पिस्टनवरचं बलही त्याच प्रमाणात घटतं. सरासरी दाब तोच असेल तर टॉर्क तोच यायला हवा. मग जुनी बुलेट ३५० (७० × ९० मिमी) आणि आधीच्या पिढीची ३९० ड्यूक (८९ × ६० मिमी) यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक कशामुळे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

तरफेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती समजूत सोडूनच द्या. बोअर मोठा असला की हेडमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि वरच्या आरपीएमला हवा पुरते. दुसरी गोष्ट पिस्टनचा सरासरी वेग. ड्यूकचा ९००० आरपीएमला १८ मीटर प्रति सेकंद येतो. ९० मिमी स्ट्रोक तेवढाच फिरवला तर २७! २.४ लिटरच्या फॉर्म्युला वन व्ही८ चा स्ट्रोक जेमतेम ४० मिमी होता, त्यामुळे १८००० आरपीएमलाही तो वेग २४ च्या आतच राहायचा. म्हणजे लांब स्ट्रोकच्या इंजिनला फार फिरवता येत नाही. मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), पोर्ट (हवेच्या वाटा), फ्लायव्हील सगळं खालच्या आरपीएमसाठीच बेतलं जातं, आणि आपण त्याचं श्रेय स्ट्रोकला देतो.

मोठ्या बोअरची किंमतही मोजावी लागते. ज्वालेला लांबवर पोचायचं असतं, चेंबर पसरट होतो, उष्णता भिंतींतून जास्त निसटते आणि नॉकिंगचा (इंधन आपोआप, अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो.

प्रतिसाद २

रॉडबद्दल थोडं. आखूड रॉडचा पिस्टन इनटेकच्या (हवा आत ओढण्याच्या) सुरुवातीला जरा झपाट्याने खाली जातो, त्यामुळे कमी आरपीएमला हवेचा भरणा किंचित सुधारू शकतो. पण इग्निशन टायमिंग नीट लावलं की रॉडमुळे पॉवरमध्ये पडणारा फरक बहुतेक वेळा नगण्यच उरतो. खरा फायदा कंपनात आहे. क्रँकच्या दुप्पट गतीने येणारं सेकंडरी बल तुमच्या लांब रॉडने साधारण १४ टक्के घटेल. इनलाइन फोरमध्ये (एका रांगेत चार सिलिंडर) ही बलं चारही सिलिंडरची एकत्र येतात, म्हणून तिथे याला फार महत्त्व.

आणि एक विचारतो, हे वाढीव २२ मिमी आणणार कुठून? एकतर ब्लॉक तेवढा उंच करा, नाहीतर पिस्टनमधली पिन वर सरकवा. पिन थोडी सरकवली तर पिस्टन हलका होतो, पण २२ मिमी सरकवली तर ती थेट रिंगांच्या खाचांत जाऊन बसेल. एक्सेलमध्ये डेक हाइटचा (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठापर्यंतच्या उंचीचा) रकाना आधी घाला आणि मग १४० मिमीच्या आसपास रॉड धरून पुन्हा आकडे काढा.