फाइलींची ‘परवानगी’, ‘अधिकार’ की ‘हक्क’?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयात ग्रंथसूचीचे काम लिनक्सवर चालते, पण बॅकअप विंडोजच्या संगणकावर नेऊन ठेवावा लागतो. त्यासाठी मराठी सूचनापत्रक लिहिताना ‘पर्मिशन’ला ‘परवानगी’ म्हणावे की ‘अधिकार’, आणि ती ‘जतन करावी’ की ‘कायम ठेवावी’, यावर आमचे एकमत होईना. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले मत : ‘परवानगी’ या शब्दाला आपल्या सीमाभागात एक वेगळीच अडचण आहे. कन्नडमध्ये ‘परवानगी’ म्हणजे परवाना, लायसन्स. आपल्या परवानगीला तिथे ‘अनुमती’ म्हणतात. दोन्ही भाषांतले फलक आणि अर्ज रोज वाचणाऱ्या बेळगावकराला ‘फाइलची परवानगी’ म्हटल्यावर सॉफ्टवेअरचे लायसन्स आठवले, तर तो त्याचा दोष नव्हे. शिवाय परवानगी ही मागायची आणि द्यायची गोष्ट आहे. लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर यांच्यापैकी कोणी फाइल वाचावी, कोणी तिच्यात लिहावे आणि कोणी ती चालवावी, हे आधीच नोंदलेले असते. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि चालवण्याचा 1 अशी बेरीज करून ती नोंद 644 किंवा 755 अशी मांडतात. ही जात जमिनीच्या उताऱ्याची झाली, आणि उताऱ्यावर लागतो तो हक्क. म्हणून मी ‘हक्क’ सुचवतो. कन्नडमध्येही ‘हक्कु’ त्याच अर्थाने आहे. ‘अधिकार’ म्हटले की इथे साहेबाची खुर्चीच डोळ्यांपुढे येते.

दुसरे मत : ‘हक्क’ मान्य. ‘जतन करणे’ मात्र टाळावे, कारण संगणकावर तो शब्द ‘सेव्ह’साठी रुळला आहे आणि इथला घोटाळा नेमका त्यातच आहे. बॅकअप नेण्याचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीचा असतो आणि त्यात लिनक्सचे हक्क नोंदवायला जागाच नसते. फाइली परत आणल्यावर सर्वांचे हक्क एकसारखे दिसतात. विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीमध्ये हक्कांची यादी असते, पण तिची मांडणी निराळी आहे. ‘फाइली जतन झाल्या, परंतु हक्क कायम राहिले नाहीत’ हे वाक्य लिहिण्यासाठी दोन क्रियापदे वेगळी ठेवावीच लागतील. उपाय म्हणून सर्व फाइलींचे ‘टार’ गाठोडे बांधून ते गाठोडेच विंडोजवर न्यावे, आणि सोडायचे तेव्हा लिनक्सवर हक्क पूर्ववत ठेवणारा ‘पी’ (-p) हा पर्याय देऊन सोडावे. फॅट32 वर एका फाइलीला 4 जीबीची मर्यादा असल्याने गाठोडे मोठे असल्यास ते तिथे मावणार नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘मालक’ या शब्दाबाबत एक तळटीप द्यावी म्हणतो : फाइलीवर मालकाचे नाव नसून क्रमांक असतो, आणि दुसऱ्या संगणकावर तोच क्रमांक भलत्याच व्यक्तीचा असू शकतो. ‘टार’ नाव आणि क्रमांक दोन्ही टिपून ठेवते, तरी मालकी पूर्ववत करण्यासाठी ‘रूट’ (संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणूनच काम करावे लागते. आता ‘चालवणे’ उरले. फाइल चालवता येते, फोल्डर कसा चालवणार?

पहिले मत : फोल्डरसाठी ‘वहिवाट’ म्हणावे. तिथे वाचण्याचा हक्क म्हणजे आतील नावांची यादी पाहण्याचा. आणि ज्याला आपण चालवणे म्हणतो तो प्रत्यक्षात दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्यासारखा वाटेचा हक्क आहे. यादी पाहण्याची मुभा नसली तरी फाइलीचे नाव ठाऊक असलेला माणूस वहिवाटीने तिच्यापर्यंत पोहोचतो.