हॉक माउंटनवर चार तासांत तीन गिधाडं. आमचं काय चुकलं?

पायपीट
काल शनिवारी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनच्या नॉर्थ लुकआउटवर, स्थलांतर करणारे शिकारी पक्षी बघायला गेलो होतो. सोबत सासरे, वय एकाहत्तर. मैलभर खडकाळ वाट, पण गडी गुडघ्यांना शिव्या घालत वर पोचला. आकाश अगदी धुतल्यासारखं निळं, ऊन छान, दक्षिणेकडून मंद वारा. म्हटलं, यापेक्षा चांगला दिवस कुठला? चार तासांत तीन टर्की व्हल्चर. तेही आपल्याच मस्तीत डुलत होते, स्थलांतर वगैरे काही नाही. सासरे दर दहा मिनिटांनी, "हीच का ती घार?"

सप्टेंबर संपत आला. एका दिवसात हजारोंनी जाणारे ते ब्रॉड-विंग्ड हॉक गेले का सगळे? आता पुन्हा जाण्यात अर्थ आहे का, की थेट पुढच्या वर्षी?

वायव्य
पुढच्या वर्षी कशाला? पुढच्या आठवड्यात जा. तुमचं चुकलं एवढंच, की तुम्ही सुट्टी बघून गेलात. पक्षी वारा बघून जातात.

ब्रॉड-विंग्डचा मोठा लोंढा सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. तो तुमचा हुकला, खरंय. ते आता मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या दिशेने असतील. तिथे दर शरदात चाळीस लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले जातात, त्यात यांचा वाटा मोठा. पण मला विचाराल तर खरी मजा ऑक्टोबरात. शार्प-शिन्ड आणि कूपर्स हे छोटे हॉक, मर्लिन हा ससाणा, मग महिनाअखेरीपासून रेड-टेल्ड हॉक आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला गोल्डन ईगल. संख्या कमी, पण एकाच दिवसात दहा-बारा जाती दिसू शकतात.

आता वारा. ही डोंगररांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेली आहे. वायव्येचा वारा तिच्यावर आडवा आदळतो आणि वर चढतो. पक्षी त्या चढत्या हवेवर पंख पसरून बसतात आणि फुकटात मैलोन्मैल जातात. म्हणून थंड हवेची लाट येऊन गेली, पाऊस थांबला आणि वारा वायव्येकडून सुटला, की दुसऱ्या दिवशी काम टाकून निघायचं. मी कार्यालयात दोनदा 'पोट बिघडलंय' सांगून गेलोय. दक्षिणेच्या वाऱ्यात तिथे बसणं म्हणजे एसटी गेल्यावर स्टँडवर बसणं.

चष्मिष्ट
वाऱ्याचं बरोबर. पण ते 'धुतल्यासारखं निळं' आकाश हाही तुमचा शत्रूच होता. नुसत्या निळ्यात नजर कुठे ठरतच नाही, दुपारी पक्षी उंच गेले की ठिपकाही हाती लागत नाही. पांढरे ढग असले की त्यावर काळा ठिपका लगेच कळतो. मी ढगाची कड धरून दुर्बीण हळूहळू सरकवते. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी पुरते, दहापटीची माझ्या हातात थरथरते.

आणि समोरच्या उंचवट्यांना एक ते पाच क्रमांक आहेत ते आधी समजून घ्या. कोणी "तीनच्या वर, डावीकडे जातोय" ओरडलं, की तीन कुठलं हे शोधेपर्यंत पक्षी जातो. माझे पहिले दोन दिवस असेच गेले. वर एकदा दुर्बिणीत भलामोठा नारिंगी गरुड दिसला म्हणून ओरडले, तो मोनार्क फुलपाखरू निघाला. शेजारचे सगळे सभ्य होते, कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

पायपीट
एसटी 😄 कळलं. पण ओळखायचं कसं? पुस्तकात पिसांवरच्या रेघा दाखवतात, मला तर स्वल्पविराम दिसतो.

वायव्य
रेघा विसरा. चाल बघा. पंख इंग्रजी व्हीसारखे वर आणि डुलत चाललाय, तर टर्की व्हल्चर. फळी ठोकल्यासारखे सपाट, तर बॉल्ड ईगल असेल, नीट बघा. पंख कोपरात मोडल्यासारखे, तर ऑस्प्रे. चार-पाच वेळा भरभर फडफड, मग जरा तरंगणं, पुन्हा फडफड: हा शार्प-शिन्ड, आपल्या शिक्र्याचा चुलतभाऊ. कूपर्सही तसंच करतो, पण त्याचं डोकं पंखांच्या पुढे ठसठशीत येतं आणि शेपटीचं टोक गोल असतं. या दोघांत मी आजही चुकतो.

तिथे खांबावर प्लॅस्टिकचं घुबड लावलेलं असतं, त्याच्या जवळ जागा धरा. का ते कळेल.

हेच पक्षी पूर्वी याच कड्यावरून लोक बंदुकीने पाडायचे, ढीग पडायचे. १९३४ मध्ये पक्षी वाचवण्यासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस ब्रून यांना राखणदार म्हणून बसवलं आणि गोळीबार थांबला. ब्रून यांनी तेव्हाच मोजणीही सुरू केली. तिथल्या मोजणीदाराला "आज किती?" विचारताना मला दरवेळी ते आठवतं.

चष्मिष्ट
सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर साउथ लुकआउट जवळ आहे, वाटही सोपी. आणि बसायला जाड उशी न्या, कुठेही बसलात तरी. खडकाला दया नसते.

पायपीट
जाऊन आलो! बुधवारी रात्री पाऊस, गुरुवारी सकाळी वायव्येचा वारा, टोपी उडेल असा. साउथ लुकआउटचं नाव काढलं तर सासरे रागावले, मग नॉर्थच. उशी नेली, ती त्यांनी बळकावली.

साडेदहाला तो आला, पहिला शार्प-शिन्ड. झाडांच्या शेंड्यांच्याही खालून, कबुतराहून लहान, सरळ त्या घुबडावर. इतक्या जवळून, की पंखांचा फर्रकन आवाज आला. घुबडाच्या डोक्यावर झेप, गिरकी, परत झेप, आणि आमच्या डोक्यांवरून पलीकडे. दुर्बीण गळ्यातच राहिली. डोळा पिवळा होता, एवढं मात्र दिसलं. मग दिवसभर येतच होते, एकेक, दोन-दोन.

मोजणीदार बाई हातातलं यंत्र टिकटिकवत होत्या. सासरे बोटांच्या पेरांवर मोजत होते. दोन वाजेपर्यंत शार्प-शिन्ड बाईंचे त्रेपन्न, सासऱ्यांचे पंचावन्न. ते म्हणतात बाईंनी दोन वेळा पाणी प्यायलं.