युद्धकाळात जहाजावरचा लाल बावटा उतरवावा का?

दांडिया_बाजारकर
७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलला वडोदऱ्यात सायरन वाजले, संध्याकाळी दिवे घालवले गेले, आणि त्या रात्रीपासून आमच्या मंडळींत एक वाद चालू आहे. काही जणांचं म्हणणं, समुद्र आपल्यापासून लांब, तेव्हा बंदरांचे युद्धनियम मुंबई-कांडल्याच्या लोकांनी बघावेत. मला ते पटत नाही. वाडीनारला टँकर समुद्रातल्या तरंगत्या बोयाला बांधून रिकामा करतात आणि तेच कच्चं तेल पाइपलाइननं आपल्या कोयलीच्या रिफायनरीत येतं. दहेजच्या जेटीवर या शहरातली कितीतरी मुलं कामाला जातात. तिथे काय पाळलं जातं आणि काय सोडलं जातं, ते आपलंच काम आहे.

माझं मत असं. युद्धात बंदरावर निर्बंध हवेतच : दिवे बंद, येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या, शत्रूच्या जहाजांना मज्जाव. पण धोकादायक मालाबद्दल शांततेच्या काळात जे नियम असतात ते युद्धात एका कणानंही सैल करू नयेत, कारण तेव्हाच त्यांची खरी गरज असते.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, आणि त्यांच्या खाली-वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. शांततेत असलं जहाज गोदीत घेतच नसत, बाहेर नांगरून बार्जमध्ये माल उतरवायचा असा शिरस्ता होता. युद्धाची घाई म्हणून तो बाजूला ठेवला. स्फोटकं असल्याची खूण असलेला लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. आपण दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. शेजारच्या जहाजांना आपल्या बाजूला काय उभं आहे हे ठाऊक असतं, तर त्या दोन तासांत ती हलवायचा प्रयत्न तरी झाला असता.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावं.

फतेगंजचा_फौजी
मी नौदलात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. तुम्ही १४ एप्रिल सांगितलात, पण त्या आठवड्यात कोहिमाला जपान्यांचा वेढा पडलेला होता, इंफाळ लढत होतं, हे नाही सांगितलंत. त्या जहाजावरचा दारूगोळा आणि विमानं कोणासाठी येत होती? बार्जमध्ये उतरवायला जे दिवस लागले असते त्याची किंमतही माणसांच्या जिवानंच मोजायची असते, फक्त ती माणसं गोदीत दिसत नाहीत.

आणि लाल बावटा म्हणजे काय? शत्रूच्या हेरानं डोंगरीच्या गच्चीवरून दुर्बीण लावली की त्याला आयतं निशाण. युद्धातला बावटा उतरवणं हा निष्काळजीपणा नाही, ते संरक्षण आहे.

उलट, घाईत निर्बंध सैल केले की काय होतं ते इटलीतल्या बारीला बघा. २ डिसेंबर १९४३. माल लवकर उतरावा म्हणून बंदरात रात्री दिवे लखलखत ठेवले होते. जर्मन विमानं आली आणि एका हल्ल्यात डझनाहून जास्त जहाजं बुडाली. दिवे घालवण्याचा नियम काटेकोर पाळला असता तर वैमानिकांना बंदर शोधावं लागलं असतं. लोकांना निर्बंध जाचक वाटतात, पण समुद्रावर ते लिहिले जातात ते असल्या रात्रींनंतर.

सुरसागर_काठ
फौजीकाकांशी दिव्यांबद्दल सहमत. १९१४ च्या सप्टेंबरात 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेनं मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या तेव्हाही शहर उजेडात होतं.

दांडिया_बाजारकर
काका, बारीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ते अर्धंच सांगितलंत. त्या बंदरात 'जॉन हार्वे' नावाचं जहाज होतं, त्यात मस्टर्ड गॅस या विषारी वायूचे बॉम्ब. हे इतकं गुप्त की बंदरावर जवळपास कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते जहाजाबरोबर गेले. पाण्यावर पसरलेल्या तेलात तो गॅस मिसळला. त्या तेलात पोहून आलेल्या खलाशांना रुग्णालयात ओल्या कपड्यांनिशी कांबळ्यांत गुंडाळून ठेवलं, कारण डॉक्टरांना वाटलं माणसं थंडीनं आणि धक्क्यानं गारठली आहेत. कपडे उतरवून अंग धुतलं असतं तर कित्येक वाचले असते. पुढे डोळे सुजले, कातडीवर फोड आले, माणसं मरायला लागली, तरी वरून कोणी सांगेना की हा काय प्रकार आहे. शेवटी एका लष्करी डॉक्टरला स्वतः माग काढत ते शोधावं लागलं.

जर्मनांनी टाकलेल्या बॉम्बमुळे जे गेले ते युद्धात गेले. पण हे जे रुग्णालयात गेले, त्यांना आपल्याच बाजूच्या गुप्ततेनं मारलं. माझा सगळा आक्षेप एवढ्यावर आहे. गुपित शत्रूपासून राखा, बंबवाल्यापासून आणि डॉक्टरपासून राखू नका.

फतेगंजचा_फौजी
बोलायला सोपं आहे. गोदीत हजारो हमाल, मुकादम, कारकून, टगवाले, जहाजाला वाट दाखवणारे पायलट. बंबवाल्याला सांगितलं की त्याच्या साहेबाला कळतं, साहेबाच्या कारकुनाला कळतं. अर्ध्यांना सांगायचं आणि अर्ध्यांपासून लपवायचं, असं गुपित टिकत नाही.

कारेलीबाग_ते_दहेज
मी दहेजला एका केमिकल टर्मिनलवर सेफ्टीत आहे, त्यामुळे गोदीतलं गुपित टिकतं की नाही यावर रोजच्या कामातून बोलतो. धोकादायक माल चढवला की कोणत्या कप्प्यात काय ठेवलंय याची यादी किंवा तसा नकाशा जहाजाला ठेवावाच लागतो. सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचाच नियम आहे, आणि निघायच्या आधी त्याची प्रत बंदराच्या अधिकाऱ्याला मिळाली पाहिजे. दुसरीकडे २००४ पासून आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांना हल्ल्यापासून जपण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू आहे. त्याचे तीन स्तर : नेहमीचा पहिला, धोका वाढला की दुसरा, हल्ल्याची दाट शक्यता असली की तिसरा. त्या कोडाखालचा सुरक्षा आराखडा मात्र गोपनीय, तो मी घरीसुद्धा बोलू शकत नाही. म्हणजे एकाच जेटीवर एक कागद लपवण्यासाठी असतो आणि एक दाखवण्यासाठी, आणि दोन्ही व्यवस्थित चालतात. माणसांना फरक कळतो.

माझं म्हणणं, बावट्याचा वाद आता जुना झाला. युद्धात बावटा उतरवा, हरकत नाही. पण मालाचा नकाशा बंदराच्या फायर कंट्रोलमध्ये असलाच पाहिजे, आणि कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात असेल तर हार्बर मास्टरनं, म्हणजे बंदरातल्या जहाजांच्या ये-जा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं, जहाज आत घेऊ नये, मग आदेश कोणाचाही असो.

हॅलिफॅक्सही विसरू नका. डिसेंबर १९१७, कॅनडा. तिथेही आधी स्फोटकांची जहाजं आतल्या बंदरात येऊ देत नसत. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीनं तो नियम शिथिल केला. ५ तारखेला स्फोटकांनी भरलेलं 'माँ ब्लाँ' उशिरा पोचलं, तोवर पाणबुडीविरोधी जाळ्या बंद झालेल्या, म्हणून रात्रभर बाहेर थांबलं. आतून निघायच्या 'इमो' या दुसऱ्या जहाजाचा कोळसा उशिरा आला, तेही त्याच जाळ्यांमुळे आत अडकलं. सकाळी जाळ्या उघडल्या आणि दोघंही एकाच अरुंद वाटेवर, 'इमो' घाईत. टक्कर, आग, आणि स्फोटकांची खूण असलेला बावटा नाही म्हणून लोक किनाऱ्यावर आणि खिडक्यांत उभे राहून आग बघत होते. मग स्फोट झाला, सतराशेच्या वर गेले. जाळ्या चूक नव्हत्या. पण दार ठराविक वेळी उघडायचं ठरवलं की सकाळी गर्दी होणार, हे गृहीत धरून वाहतुकीचा क्रम लावायला हवा होता, तो कोणी लावला नाही. निर्बंध घालणाऱ्यानं त्या निर्बंधातून जो नवा धोका जन्मतो त्याचीही जबाबदारी घ्यावी.

रावपुऱ्याची_ताई
माझे यजमान टँकरवर आहेत. तुम्ही सगळे बंदरातल्या मालाबद्दल बोलताय, जहाजावरच्या माणसांबद्दल कोणी लिहिलं नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत 'बांगलार समृद्धी' हे बांगलादेशी जहाज युक्रेनच्या ओल्विया बंदरात गेलं आणि लगेचच युद्ध सुरू झालं. बंदर बंद. बाहेर पडायला परवानगी नाही, पायलट नाही. २ मार्चला त्यावर मारा झाला आणि एक तरुण इंजिनिअर गेला. बंदर बंद करण्याचा आदेश एका ओळीचा असतो, पण आत अडकलेल्या परक्या देशाच्या पोरांचं पुढे काय, हे त्या ओळीत नसतं. माझी मागणी एवढीच की बंदर बंद करताना बाहेरच्या जहाजांना निघायला काही तास आणि एक सुरक्षित वाट द्या.

आणि एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते सगळ्यांना दाखवणारं यंत्र. डिसेंबर २०२३ मध्ये पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर 'केम प्लूटो' या टँकरवर ड्रोन आदळला, त्यावर आपली वीसेक मुलं होती. तेव्हापासून घरी रोज तो ठिपका बघते. धोका वाटला तर कॅप्टननं तो बंद करावा, त्याला तसा अधिकार आहे, मला ठिपका दिसला नाही तरी चालेल. पण तो निर्णय त्याचाच राहू द्या, किनाऱ्यावरच्या कंपनीनं भाड्याकडे बघून घेऊ नये.

फतेगंजचा_फौजी
ताई, एआयएसबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बंदराबद्दल नाही. तोंडाशी सुरुंग पेरले असले तर सुरक्षित वाट देणार कुठून? चार जहाजं बाहेर सोडली आणि एक सुरुंगावर गेलं तर तेच बंदर महिनोन्‌महिने बुजून राहील. कधीकधी अडकून राहणं हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय असतो.

सुरसागर_काठ
एक मुद्दा राहिला. १९७१ ला पाकिस्ताननं व्यापारी जहाजांना बजावलं होतं की सूर्यास्त ते पहाट कराचीच्या ७५ मैलांच्या आत येऊ नका. हे सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगावं लागतं. आपल्या क्षेपणास्त्र नौकांनाही त्यातून कळलं की रात्री त्या पट्ट्यात रडारवर जे दिसेल ते बहुधा पाकिस्तानी नौदलाचं. आणि एवढं करूनही ८ डिसेंबरच्या रात्री कराचीबाहेर नांगरलेलं पनामाचं 'गल्फ स्टार' बुडालं, ब्रिटिश 'हारमॅटन'ला मार बसला. निर्बंध जाहीर केला की शत्रूलाही कळतो. मग फौजीकाका, गुप्ततेच्या नावाखाली बंबवाल्याला अंधारात ठेवून नक्की काय कमावतो आपण?

फतेगंजचा_फौजी
ठीक. फायर कंट्रोलला मालाचा नकाशा द्यावा, हे मान्य करतो, सीलबंद, आणि आग लागली की उघडायचा. बंदराच्या जवळच्या रुग्णालयात एका माणसाला विषारी मालाची कल्पना द्यावी, तेही मान्य. बावटा आणि दिवे यावर मी हटणार नाही. आणि जहाज आत घ्यायचं की नाही हे युद्धात नौदलाच्या अधिकाऱ्यानंच ठरवावं, हार्बर मास्टरनं नाही. कोहिमाला काय हवंय हे हार्बर मास्टरला कसं कळणार?

दांडिया_बाजारकर
सीलबंद चालणार नाही, काका. जहाज धक्क्याला लागतानाच बंबवाल्यानं तो वाचलेला असला पाहिजे. मुंबईत दोन ते चार या वेळात तिथे जमलेल्या अधिकाऱ्यांत जहाज ओढून बाहेर न्यायचं की तिथेच बुडवायचं यावर एकमत झालं नाही, आणि शेवटचा हुकूम कोणाचा हेही स्पष्ट नव्हतं. आत घेण्याचा हुकूम नौदलाचा असेल तर असो, पण तो लेखी असावा, त्यावर नाव असावं, आणि आग लागल्या क्षणी जहाज बाहेर काढायचा किंवा बुडवायचा हुकूम एकट्या हार्बर मास्टरचा असावा, कोणाला विचारायला न लागता. यावर तुमचं काय म्हणणं, ते सांगा.