बत्तीस नंबरवाला गडी

विषय: साताऱ्याहून, गॉर्डनबद्दल
प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम सातारा
तारीख: २७ एप्रिल २०२५

डेन्व्हरच्या आपल्या मंडळातली मंडळी, नमस्कार.

अण्णांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी मार्चपासून साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या घरी आहे. ऑपरेशन चांगलं झालं, अण्णा आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. पण रात्री पाय ठणकतो आणि एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. म्हणून आम्ही बापलेक पहाटे चहा करून लॅपटॉपवर आपल्या डेन्व्हरच्या नगेट्सची आणि क्लिपर्सची बास्केटबॉलची प्लेऑफ (बाद फेरीची) मालिका बघतोय.

आजची मॅच तुम्ही तिकडे आदल्या संध्याकाळी बघितली. आमच्याकडे ती संपली तेव्हा अजिंक्यताऱ्यामागे उजाडायला लागलं होतं. चौथ्या क्वार्टरला आपली वीस गुणांची आघाडी होती आणि ती डोळ्यांदेखत वितळली. ९९-९९. शेवटचे काही सेकंद. आपल्या योकिचनं तीन गुणांचा फेकला तो तोल जाताजाता, आणि बॉल रिंगपर्यंत नीट पोचलाच नाही. मी 'गेली' म्हणून कप खाली ठेवला. तेवढ्यात आपल्या ॲरन गॉर्डननं तो बॉल हवेतच धरला आणि तसाच आत दाबला. भोंगा वाजला. पंचांनी पडद्यावर पुन:पुन्हा बघितलं, बॉल हातातून सुटला तेव्हा सेकंदाचा एखादा दशांश उरला असेल. १०१-९९. असा डंक मारून (बॉल वरून थेट रिंगमध्ये दाबून) शेवटच्या भोंग्यावर प्लेऑफची मॅच जिंकल्याची याआधी नोंद नाही म्हणतात.

मी ओरडलो, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आई आतून 'काय झालं' म्हणून धावत आली. अण्णा मात्र शांत होते. म्हणाले, "तो तिथं होताच की. मगापासनं बघतोय, बॉल कुणी बी टाकू दे, ह्यो बत्तीस नंबरवाला रिंगखाली जाऊन उभा ऱ्हातोय. धा येळा काय मिळत न्हाई. आज मिळालं."

अण्णांना एनबीए, म्हणजे अमेरिकेतली ही बास्केटबॉलची लीग, माहीत नाही. कोण किती कमावतो, कोणाचं नाव मोठं, काही ठाऊक नाही. चार मॅचमध्ये त्यांनी जे हेरलं ते मला चार वर्षं सीझन तिकीट घेऊन नेमकं सांगता आलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

*

प्रेषक: ऑरोराच्या काकू
तारीख: २७ एप्रिल २०२५

अरे, वाचून डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला रोज व्यायाम करायला लाव त्यांना, कंटाळा करू देऊ नकोस. माझा स्वतःचा अनुभव आहे.

ते 'बत्तीस नंबरवाला' म्हणाले म्हणून सांगते. हा नंबर गॉर्डनचा मुळातला नाही, आधी तो पन्नास घालायचा. त्याचा थोरला भाऊ ड्रू, तोही बास्केटबॉल खेळायचा, थोडे दिवस एनबीएतही होता. मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मोटार अपघातात गेला. तेहतीस वर्षांचा होता. बत्तीस हा ड्रूचा नंबर. या सीझनला धाकट्यानं तो अंगावर घेतला.

काल त्यानं डंक मारल्यावर मला पहिलं त्या दोघा भावांच्या आईचं मनात आलं. एवढंच.

*

प्रेषक: लेकवुडचा दादा
तारीख: २८ एप्रिल २०२५

गॉर्डन मलाही आवडतो, पण जरा प्रमाणात घ्या. परवा योकिचनं ३६ गुण, २१ रिबाउंड (हुकलेले बॉल पकडणं) केले. बचाव करणारे दोन-दोन, तीन-तीन जण त्याच्यावर धावतात, म्हणून बाकीच्यांना जागा मिळते. योकिचच्या शेजारी कोणीही धिप्पाड फॉरवर्ड उभा करा, त्याला सोपी बास्केट मिळणारच. ओरलँडोत गॉर्डन सात वर्षं होता, तिथं काय झालं? डंकच्या स्पर्धेपलीकडे कोणाला तो आठवतो?

अण्णांना लवकर बरं वाटो. येताना कंदी पेढे आण.

*

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम सातारा
तारीख: २९ एप्रिल २०२५

दादा, पेढे आणतो. बाकीचं मात्र मला पटलं नाही, आणि जरा सविस्तर लिहितो.

ओरलँडोचंच बघू. २०१४च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथ्या क्रमांकावर निवडलेला पोरगा, वय अठरा. त्याला सांगितलं होतं, तू या संघाचा नायक. डंकच्या स्पर्धेत २०१६ला हरला, २०२०ला एका गुणानं हरला. दोन्ही वेळा निम्म्या जगाला वाटत होतं की खरा विजेता हाच. (२०२०ला ज्यानं हरवलं तो डेरिक जोन्स आज क्लिपर्सकडून याच मालिकेत समोर उभा आहे.) म्हणजे कौतुक कसं असतं ते त्यानं चाखलेलं होतं. मार्च २०२१मध्ये तो डेन्व्हरला आला आणि इथं त्याला दुसरंच काम मिळालं. बॉल योकिचकडे, मरेकडे. तू समोरच्याचा सगळ्यात अवघड माणूस धर, रिबाउंडला जा, मोकळी जागा दिसली की घुस.

किती जण हे मनापासून करतात? पंचविशीतला खेळाडू, नाव झालेलं, त्याला म्हणायचं की तुझ्या हातातला बॉल काढून घेतो. त्यानं कुरकुर केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. २०२३ला आपण विजेतेपद जिंकलो तेव्हा त्यानं कोणाकोणाला धरलं आठवून बघ: मिनेसोटाचा टाऊन्स, फिनिक्सचा ड्युरंट, लेकर्सचा लेब्रॉन, मायामीचा बटलर. चारही मालिकांत समोरचा मोठा माणूस याच्या वाट्याला. आणि अंतिम मालिकेतली, मायामीतली चौथी मॅच? योकिच फाउलच्या अडचणीत बसला होता, तेव्हा गॉर्डननं २७ गुण केले. 'कोणीही धिप्पाड फॉरवर्ड' हे करेल असं मला वाटत नाही.

हे सगळं मी अण्णांना सांगत होतो तर ते म्हणाले, "म्हंजे कोपऱ्यावरचा गडी."

तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल, अण्णा तरुणपणी कबड्डी खेळायचे. कोरेगावकडच्या गावांतून मातीच्या मैदानावर, रात्री बत्तीच्या उजेडात सामने व्हायचे. ते उजव्या कोपऱ्यावर. त्यांनी मला त्या दिवशी तासभर समजावून सांगितलं. चढाईवाला दम घालत येतो, सगळं गाव त्याच्याकडे बघतं. कोपऱ्यावरचा मात्र त्याच्या पायांकडे बघतो. त्याचा घोटा पहिल्यांदा तो धरतो, लाथ पहिल्यांदा तो खातो. मग बाकीचे अंगावर पडतात आणि पकड होते. सामना संपल्यावर खांद्यावर घेतात ते चढाईवाल्याला. "त्याचं वाईट वाटायचं न्हाई. पण एखादा जुना माणूस जवळ येऊन घोट्याला हात लावून इचारायचा, लागलं का रं? ते बरं वाटायचं."

दादा, योकिच थोर आहे यात वाद नाही. मला फक्त त्या जुन्या माणसासारखं विचारायचं आहे.

*

प्रेषक: बोल्डरची विद्यार्थिनी
तारीख: ५ मे २०२५

काका!!! बघितलंत ना? मी आत्ता लायब्ररीतून लिहितेय आणि हात थरथरतायत.

क्लिपर्सशी सातव्या मॅचला गॉर्डनचे २२ गुण, आणि आज पुढच्या फेरीत ओक्लाहोमात पुन्हा तोच! चौथ्या क्वार्टरमध्ये आपण किती मागे होतो. त्यांच्या होल्मग्रेनचे दोन्ही फ्री थ्रो चुकले, आपला वेस्टब्रुक बॉल घेऊन पळाला, मला वाटलं तोच फेकणार, पण त्यानं गॉर्डनला दिला. तीन गुण. २.८ सेकंद बाकी. १२१-११९.

लेकवुडच्या काकांसाठी एक गोष्ट: हा माणूस पूर्वी लांबून फेकायला लागला की घरात आम्ही 'नको नको' म्हणायचो. या सीझनला त्यानं तीन गुणांचे ४३.६ टक्के टाकलेत. अंगात उडी उपजत असते म्हणू, पण लांबून नेम उपजत येत नाही. पोटरीच्या दुखण्यानं सीझनमधल्या बऱ्याच मॅच गेल्या, त्यात हे. उन्हाळाभर रिकाम्या कोर्टवर कोणीतरी हजारो वेळा बॉल फेकलाय, तेव्हा कुठे आज वेस्टब्रुकला त्याला बॉल द्यावासा वाटला.

अण्णाआजोबा काय म्हणाले ते लगेच कळवा.

*

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम सातारा
तारीख: ६ मे २०२५

अण्णा म्हणाले, "आता त्याच्याकडं बघायला लागले लोक." आणि दुसरा कप मागितला. आमच्याकडे सकाळ होती. दूधवाला दारात थांबून शेवटची दोन मिनिटं बघून गेला.

*

प्रेषक: लेकवुडचा दादा
तारीख: १० मे २०२५

काल ओक्लाहोमाशी तिसऱ्या मॅचला इथल्या बॉल एरिनात होतो, थोरल्याला घेऊन. शेवटी बरोबरीचा तीन गुणांचा पुन्हा गॉर्डननंच टाकला आणि ओव्हरटाइममध्ये आपण ११३-१०४नं जिंकलो. त्याच्या नावाचा गजर झाला तेव्हा मीही उभा होतो.

मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेतो. प्रत्यक्ष बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली, टीव्हीवर ती दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलबरोबर फिरतो. मी एक पूर्ण क्वार्टर फक्त त्याच्यावर नजर ठेवली. बॉल हातात असा कितीसा वेळ होता? पण तेवढ्यात तो कोणाला तरी पाठीनं अडवून योकिचला वाट करून देत होता, कोणाची चूक झाकायला धावत होता, हात करून पोरांना जागा दाखवत होता. एकदा त्यानं तीन वेळा सलग उडी मारली, रिबाउंड दुसऱ्याला मिळाला, आणि तो टाळी देऊन परत पळाला. थोरला मला विचारतो, "बाबा, हा दमत नाही का?"

*

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम सातारा
तारीख: १९ मे २०२५

मंडळी,

सगळं तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे सातवी, शेवटची मॅच रात्री एकला सुरू झाली. १२५-९३नं हरलो. ओक्लाहोमा आपल्यापेक्षा सरस होते, त्यांनी आपल्याला उभंच राहू दिलं नाही.

मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सहाव्या मॅचच्या शेवटी गॉर्डनच्या मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, फाटला. दुसऱ्या श्रेणीची दुखापत. असा माणूस एरवी काही आठवडे पळत नाही, आणि हा तीन दिवसांनी मैदानात. अण्णांना मी आधी काही बोललो नव्हतो. पाचच मिनिटांत ते म्हणाले, "डावा-उजवा सारखा पडंना त्याचा. काय झालंय पायाला?" मी सांगितल्यावर ते गप्प झाले. त्यानंतर त्यांनी स्कोअर एकदाही विचारला नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिले. नेहमीची उडी नव्हतीच. एकदा त्याला उलट पळायचं होतं तेव्हा तो अक्षरशः पाय ओढत गेला. तरी रिबाउंडला जात होता, अकरा काढले. मॅच हातातून गेल्यावरही जात होता.

अण्णा मग खाशाबा जाधवांचं बोलायला लागले. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर त्यांच्या आजोळापासून लांब नाही, आणि १९५२ला खाशाबा पदक घेऊन आले तेव्हा दीडशेच्या वर बैलगाड्या निघाल्या होत्या, त्यातली एक अण्णांच्या मामांची, असं त्यांच्या घरी सांगतात. अण्णा म्हणाले, मिरवणूक सगळ्यांना पाठ आहे, पण हेलसिंकीत एक मोठी कुस्ती संपल्या संपल्या, दम खायच्या आत, त्यांना दुसऱ्या कुस्तीला उभं केलं. भांडायला आपला कोणी अधिकारी तिथं नव्हता. थकलेल्या अंगानं सोव्हिएत पैलवानाशी लढले आणि हरले. "ती हरलेली कुस्ती बघायला पायजे हुती कुणीतरी आपल्याकडचं," असं म्हणाले.

साडेतीनला लॅपटॉप बंद केला. अण्णा वॉकर न घेता भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले. मी मागे होतो, पण हात लावू दिला नाही.

*

प्रेषक: ऑरोराच्या काकू
तारीख: १९ मे २०२५

मी एक सुचवू? आपण मंडळातर्फे त्याला पत्र पाठवूया. संघाच्या पत्त्यावर, कागदावर, मराठीत, खाली इंग्रजी अर्थ. ३० मेला ड्रूला जाऊन वर्ष होईल, त्याच्या आधी पोचेल असं बघू. रविवारच्या मराठी शाळेतली मुलं सह्या करतील. मजकूर थोडाच असावा. जिंकणं-हरणं त्यात नको. अण्णांनी सांगितलेली ओळ घालायची असेल तर त्यांना विचार.

*

प्रेषक: लेकवुडचा दादा
तारीख: १९ मे २०२५

अनुमोदन. टपालाचा खर्च माझा. थोरल्यानं एक चित्र काढलंय, रिंगखाली उभ्या असलेल्या माणसाचं, बॉल अजून वर आहे. ते जोडू का?

*

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम सातारा
तारीख: २० मे २०२५

चित्र नक्की जोडा.

अण्णांना विचारलं. सकाळभर त्यांनी उत्तर दिलं नाही. दुपारी जेवताना म्हणाले, लिहून घे. मी जसंच्या तसं देतो, भाषा सुधारू नका:

"गॉर्डन, तुझा पाय दुखत हुता ते आमी बघितलं. तरी तू बॉलवर जात हुतास ते बी बघितलं. भावाचा नंबर लावलायस ते कळलं. आता पाय नीट बरा हुईपर्यंत घाई करू नको. सातारा."

माझं परतीचं विमान जूनमध्ये आहे, तोवर थांबायला नको. पत्र काकूंनीच तिकडे शाळेत मुलांकडून लिहून घ्यावं. अण्णांची सही मी आज स्कॅन करून पाठवतो. आणि एक विनंती आहे त्यांची: वरच्या कोपऱ्यात ३२ हा आकडा मराठीत काढा, मोठा.