कोवळी बारोलो किती वर्षे मुरू द्यावी? मदत हवी आहे

सेर्रालुंगा द'आल्बा येथील एका छोट्या उत्पादकाची २०२० सालची बारोलो ही इटालियन रेड वाइन मी सहा बाटल्यांचा खोका म्हणून घेतली असून, त्यातील एक उघडून चाखल्यानंतर उरलेल्या बाटल्या कधी उघडाव्यात हे मला ठरवता येत नाही. नियमानुसार बारोलो केवळ नेब्बियोलो द्राक्षांपासून करतात आणि विक्रीपूर्वी ती किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, मुरवावी लागते. तरीही पेल्यातली वाइन फारच कोवळी वाटली.

रंग फिकट माणकासारखा होता. परंतु नेब्बियोलोचा रंग मुळातच फिकट असल्याने त्यावरून मी काही अंदाज बांधला नाही. वासाला गुलाब, आंबट चेरी आणि मागे किंचित डांबर होते. पहिल्याच घोटाला मात्र तुरटपणाने हिरड्या आणि गाल असे आवळले गेले की फळाची चव जवळजवळ लागलीच नाही. थंड वाइनमध्ये तुरटपणा अधिक बोचतो, म्हणून ती १७-१८ अंशांवर घेतली होती. तेव्हा दोष तापमानाचा नसावा. अर्धी बाटली बूच लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी टॅनिन (तुरटपणा आणणारी द्रव्ये) काहीसे मवाळ झाले, चेरी पुढे आली, आंबटपणा तितकाच ताजा राहिला आणि घोट गिळल्यानंतरही चव बराच वेळ रेंगाळली. तिसऱ्या दिवशीही वास उतरला नव्हता.

केवळ तुरटपणा हा वाइन टिकण्याचा पुरावा नव्हे, असे मला वाटते. कारण फळ आणि आंबटपणा तोकडे असतील, तर टॅनिन मऊ होईपर्यंत वाइनमध्ये चाखण्यासारखे काही उरणार नाही. येथे तिन्ही गोष्टी भरपूर आहेत. शिवाय सेर्रालुंगाची बारोलो त्याच भागातील ला मोर्रा या गावच्या बारोलोपेक्षा अधिक कणखर आणि उशिरा खुलणारी मानली जाते. म्हणून पुढची बाटली २०३० च्या सुमारास आणि शेवटची २०४० च्या आत उघडावी, असा माझा कच्चा आराखडा आहे.

परंतु उघड्या बाटलीतील दोन-तीन दिवसांवरून बंद बाटलीतील वर्षांचा अंदाज कितपत बांधता येतो? उघड्या बाटलीत वाइनला एकदम भरपूर हवा मिळते, तर बुचाखाली ती अत्यल्प प्राणवायूत, टॅनिन आणि रंगद्रव्ये सावकाश एकमेकांशी जोडली जात, मुरते. त्यामुळे या चाचणीतून वाइनची तग धरण्याची ताकद कळत असली, तरी वर्षांचा आकडा निघू शकेल असे मला वाटत नाही. दुसरी शंका मधल्या काळाची आहे. ताज्या फळाची चव ओसरली आहे आणि मुरलेल्या वाइनचे सुगंध अजून आलेले नाहीत, असा मुका टप्पा नेब्बियोलोत साधारण कितव्या वर्षी येतो?

बाटल्या इटलीच्या तोरिनो शहरातील आमच्या इमारतीच्या तळघरात आडव्या ठेवल्या आहेत. तेथे हिवाळ्यात १२ आणि उन्हाळ्यात १९ अंशांच्या आसपास तापमान असते, आणि हा बदल सावकाश होतो. काही बाटल्या पुण्याच्या घरी नेण्याचा विचार तेथील एप्रिल-मेचा उकाडा आठवून सोडून दिला. या १९ अंशांमुळे माझा आराखडा अलीकडे ओढावा लागेल का?

ज्यांनी एकाच सालची बारोलो किंवा बार्बारेस्को (नेब्बियोलोचीच दुसरी वाइन) काही वर्षांच्या अंतराने उघडून पाहिली आहे, त्यांनी साल, गाव आणि साठवणुकीचे तापमान यांसह आपला अनुभव कृपया लिहावा.