व्हील ऑफ टाइम : वर्णन की पाल्हाळ?

गोदातीर (पैठण)

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकेवर ठरलेला आक्षेप: पाल्हाळ फार. १९९० ते २०१३, १४ भाग, ४० लाखांहून जास्त शब्द, नमनालाच घडाभर तेल. मला हा आक्षेप चुकीच्या जागी बसलेला वाटतो. ४था भाग, ‘द शॅडो रायझिंग’ (१९९२), मालिकेत सगळ्यात जाड आहे, ३ लाख ९० हजार शब्दांच्या आसपास. लाडका भाग विचारला की निम्मे लोक त्याचंच नाव घेतात. ८वा, ‘द पाथ ऑफ डॅगर्स’ (१९९८), सव्वादोन लाखांच्या आसपासच आहे आणि लोक नेमकं तिथंच पुस्तक मिटतात. मग लांबीला का बोल लावायचा?

४थ्या भागातली २५ आणि २६ ही दोन प्रकरणं घ्या. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, रसभंग होईल.) वाळवंटातले आयेल लोक मारायच्या आधी तोंडावर बुरखा ओढतात आणि तलवारीला हात लावत नाहीत. हे पहिल्या भागापासून कपड्यालत्त्याच्या वर्णनात येत राहतं, आपण नुसतं वाचत पुढं जातो. रुइदियन या आयेलांच्या शहरात मालिकेचा नायक रँड काचेच्या खांबांमधून चालतो आणि एकेका पावलाला एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी मागं मागं जातो. तिथं कळतं की हे सगळे मुळात अहिंसेची शपथ घेतलेले सेवक होते. पळवलेल्या बहिणीला सोडवायला गेलेल्या पोराच्या हातून माणूस मरतो. तो परत आल्यावर आई त्याला तोंड झाकायला सांगते, खुनी माणसावर तिला आपल्या लेकाचा चेहरा बघायचा नसतो. बुरखा तिथून आला. भाला चालतो कारण त्यानं शिकार करून भांडं शिजतं, तलवार फक्त माणूस मारते. आणि आयेल योद्ध्यांचा तो ‘कॅडिनसोर’ पोशाख? जुन्या भाषेत त्याचा अर्थ कामाचे कपडे. तीन भाग ज्याला आपण नुसती सजावट समजत होतो त्यात अख्ख्या जमातीचा इतिहास शिवलेला निघतो. आधीची वर्णनं कापली असती तर हा धक्का कुठून बसला असता?

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर, तुम्ही सगळ्यात चांगली दोन प्रकरणं काढली आणि १४ भागांची वकिली करायलात. एका बुरख्यासाठी किती झगे सहन करायचे ते पण सांगा.

नायनीव्ह या मुख्य पात्राची वेणी घ्या. राग आला, वेणी ओढली. राग आवरला, वेणी ओढली. बायका नाक फेंदारतात, घागरा सारखा करतात, छातीखाली हाताची घडी घालतात. जी आहे ती असंच करते, राणी असो की सराईवाली. याला वर्णन म्हणत नाहीत, ही लकब झाली. वर्णनातून माणूस वेगळं दिसलं पाहिजे, इथं सगळ्या एका साच्यातल्या गौरी.

आणि वेळेचा हिशोब मांडा. पेरिन हा आणखी एक नायक, त्याच्या बायकोला, फेलला, पळवून नेतात ८व्या भागात, १९९८. पेरिन तिला सोडवतो ११व्यात, २००५. सात वर्षं! तोवर बर्फ, तंबू, घोडे, परत बर्फ. त्यातही १०वा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३): ९व्याच्या शेवटी जी सगळ्यात मोठी घटना झाली, तीच वेळ हा माणूस पुन्हा सुरुवातीपासून दाखवतो. प्रत्येक पात्र आपापल्या गावातून लांबवर काहीतरी प्रचंड चाललंय असं जाणवून घेतं आणि परत चहा प्यायला बसतं.

चौथा_पट्टा (परभणी)

वेणीबद्दल मान्य. झग्यांबद्दल नाही.

केरियन राज्याच्या सरदारांच्या अंगावर गडद कपडे असतात आणि छातीवरून खाली रंगीत आडवे पट्टे. पट्टे घराण्याच्या रंगांचे, आणि जितके जास्त तितकं पद मोठं. दरबारात कोण कोणाला वाकणार हे संवाद सुरू व्हायच्या आधीच कळतं, फक्त पट्टे मोजायचे. जॉर्डन दरवेळी समजावून सांगत नाही म्हणून ते पाल्हाळ वाटतं. आपल्याकडं पैठणीचा पदर बघून बाई कुठल्या घरची, कार्य कोणतं, हे ओळखणारे लोक आहेतच की.

दुसरं म्हणजे डोळे कोणाचे आहेत ते धरून वाचा. पेरिनच्या प्रकरणात वास येतात, कारण लांडग्यांशी नातं जुळल्यापासून त्याला समोरच्याचा राग, भीती नाकानं कळते. मॅटच्या प्रकरणात घोड्याचे पाय आणि छाती आधी, स्वार नंतर. त्याचा बाप घोड्यांचा व्यवहार करणारा. नायनीव्ह खोल गळ्यांना नावं ठेवते आणि हळूहळू स्वतःच रेशमात रमते, हे तिला कळत नाही, आपल्याला कळतं. नाव झाकून परिच्छेद वाचला तरी कोणाचा ते ओळखता येतं.

मांजराकाठ (लातूर)

पेरिन-मॅटचं ओळखता येतं. एलेन आणि एग्वीन या दोन नायिकांचं ओळखून दाखवा.

बालाघाटी (अंबाजोगाई)

विस्ताराचं आपल्याला वावडं कधी होतं? गीतेचे ७०० श्लोक, ज्ञानेश्वरीत त्याच्या ९ हजार ओव्या. एका कल्पनेला पाच-पाच दृष्टांत. तिथं कोणी पाल्हाळ म्हणत नाही, कारण प्रत्येक दृष्टांत अर्थ एक पाऊल पुढं नेतो. ती फूटपट्टी लावली तर जॉर्डन ४ ते ६ भागांत पास होतो, ८ ते १० मध्ये नापास. दृष्टांत आहे, अर्थ जागेवरच उभा.

खरा वाद मात्र शेवटच्या तीन भागांचा आहे आणि त्यावर कोणी बोलायला तयार नाही. जॉर्डन २००७ च्या सप्टेंबरात गेला. त्याची बायको हॅरिएट मॅक्डूगल मालिकेची संपादकही होती. तिनं काम ब्रँडन सँडरसनकडं दिलं. एका भागात संपवायचं म्हणत होते, त्याचे तीन झाले: २००९, २०१०, २०१३. पैठणकरांना हे नवीन वाटायला नको. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायाशी थांबलं, नाथ गेले, पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं पूर्ण केलं.

गोदातीर (पैठण)

बालाघाटी, गावबाचा दाखला घेतला तर पूर्ण घ्या. रामाचं पुढं काय होतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. गावबाला कथा शोधायची नव्हती, नाथांचा आवाज धरायचा होता. सँडरसनचं उलटं. शेवटचा प्रसंग जॉर्डननं स्वतः लिहून ठेवलेला, टिपणं ढीगभर, मधली वाट याला पाडायची. आणि आवाजात तो घसरतो. ‘द गॅदरिंग स्टॉर्म’मधला मॅट बघा. आधीचा मॅट विनोद करत नाही, कुरकुर करतो आणि आपल्याला हसू येतं. इथं तो विनोद करायला लागतो.

मांजराकाठ (लातूर)

पण गाडी हलली ना राव! दहा वर्षं तंबूत बसलेली माणसं उठून कामाला लागली. वर्णन कमी केलं म्हणूनच ते जमलं.

बालाघाटी (अंबाजोगाई)

गाडी ११व्या भागातच हलली होती, आणि तो पूर्ण जॉर्डनचा आहे. फेल त्यातच सुटते, तुम्हीच वर लिहिलंय. श्रेय वाटताना जरा जपून.

खळं (हिंगोली)

१०व्या भागाला सगळे शिव्या द्यायलेत, म्हणून त्यातल्या सो हाबरच्या प्रकरणाबद्दल लिहितो. पेरिनच्या फौजेला धान्य पाहिजे. गाव सापडतं, कोठारं भरलेली, पण पोती उघडली की आत सोंडे वळवळतात. मग धान्य पाखडून घेतात. अद्भुत कादंबरीत फौजा हवेवर जगतात, कोणी ज्वारीचा भाव विचारत नाही. इथं हजारोंची फौज एका किड्यापायी अडते. गावातली माणसं भेदरलेली, कपडे मळके, मेलेली माणसं गल्लीतून फिरायलेत. कीड फक्त पोत्यात लागलेली नाही, जगालाच लागलीये, हे लेखक धान्यातून सांगतो.

त्रुटी पण सांगतो. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि अळी दाण्याच्या आतच वाढते. पाखडून, चाळून वरचे किडे, भुसा आणि पोकळ झालेले हलके दाणे जातात. अंडं किंवा बारकी अळी असलेला दाणा वजनाला भरलेला असतो, तो सुपातच राहतो. ऊब मिळाली की काही आठवड्यांत पोतं परत वळवळतं. थंडीत अळीची वाढ थांबते, म्हणून त्या बर्फात फौजेला महिना-दोन महिने निभावले असते. पेरिननं ते धान्य आधी शिजवून संपवायला पाहिजे होतं, साठवायला नाही.

मांजराकाठ (लातूर)

खळं, हे मात्र पटलं. पण बघा, तुम्ही दहा ओळींत जे सांगितलं त्याला त्यानं अख्खं प्रकरण घेतलं.

चौथा_पट्टा (परभणी)

दहा ओळींत भूतं कुठं मावली?

तुती (जालना)

मी अजून ६व्या भागात आहे. वाद राहू द्या, ८ ते १० मधलं काय सोडलं तर चालेल ते सांगा कोणीतरी.

गोदातीर (पैठण)

तुती, ९वा अजिबात सोडू नका, शेवटासाठी. ८व्यात शेवटाकडं फेलला पळवतात तेवढं नीट वाचा, बाकी भरभर चालेल. १०व्यात मॅटची सगळी प्रकरणं आणि शेवटचं ३०वं, एग्वीनचं, सावकाश वाचा. मधल्या एलेनच्या गादीच्या राजकारणातून घराण्यांची नावं तेवढी टिपून घ्या, ११व्यात लागतात. नाव आठवेना झालं की प्रत्येक भागाच्या मागं शब्दसूची आहे. आणि ‘न्यू स्प्रिंग’ (२००४) पूर्वकथा आहे म्हणून आधी घेऊ नका, १०व्यानंतर घ्या. मोइरेन कोण हे कळल्यावरच त्यात मजा आहे.

मांजराकाठ (लातूर)

आणि सो हाबर?

गोदातीर (पैठण)

तुम्ही सोडा. तुती, तुम्ही वाचा.